बारा व्होल्टांचा संसार

घरातली वीज जाते तेव्हा ती एकदम जाते. पंखा थांबतो, टीव्ही गप्प होतो आणि शेजारून ‘तुमच्याकडची पण गेली का हो?’ अशी हाक येते. छत्तीस वर्षं विजेच्या खात्यात काढलेल्या माणसाला या हाकेची इतकी सवय असते, की निवृत्तीनंतरही तो आधी बॅटरी शोधतो आणि मग चपला. बोटीवरची वीज मात्र अशी जात नाही. ती दुखणाईत माणसासारखी हळूहळू खंगत जाते आणि तिची पहिली बातमी डोळ्यांना नाही, कानांना लागते.

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. रात्रीचे सव्वानऊ झाले असतील. मी ताटं विसळत होतो. नळ सोडला की बोटीतला छोटा पंप घर्र करून चालू होतो. पंधरा दिवसांत त्या आवाजाची मला सवय झाली होती. त्या रात्री तो घर्र न करता कण्हल्यासारखा कण्हला. नळाची धार बारीक झाली. मागच्या खोलीतल्या डिझेलच्या हीटरने दोन-तीनदा पेटायचा प्रयत्न केला आणि तांबडा दिवा लुकलुकवून तो बंद पडला. माझी लेक तीन वर्षांच्या नातवाला झोपवत होती. ती उठून आली, भिंतीवरच्या लहानशा काचेतला आकडा तिने पाहिला आणि म्हणाली, “अकरा पॉइंट तीन. गेली बाबा बॅटरी.”

बाहेर बर्फ होतं. पारा शून्याखाली पाच-सहा अंश. कालवा गोठून पांढरा झालेला.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला मनातून थोडं बरं वाटलं. मी इंग्लंडला आलो होतो तो नातवाला बघायला, हे खरंच. पण निघताना कोरेगावच्या घरी आमच्या सौभाग्यवतींनी बॅगेत गोडा मसाला आणि मेतकूट भरता भरता एक काम सांगितलं होतं. “काहीही करा, पण पोरांना त्या होडीतून बाहेर काढा. माणसासारखं घरात राहू दे त्यांना.” मी शब्द दिला होता. आणि आता ती होडीच माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहिली होती.

होडी म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगायला हवं. तिकडे तिला नॅरोबोट म्हणतात आणि नावाप्रमाणे ती अरुंदच असते. लांबी सत्तावन्न फूट, रुंदी सहा फूट दहा इंच. आमच्या घराची पडवी याहून रुंद आहे. लोखंडी पत्र्याची ही लांबोळकी पेटी कालव्यात तरंगते. तिच्या एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला कोळशाची शेगडी आणि मधे रेल्वेच्या डब्यासारखा एकामागे एक संसार: झोपायची खोली, न्हाणी, ओटा, बैठक. ही रुंदी कुणाच्या लहरीने ठरलेली नाही. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने इंग्लंडच्या मध्यभागात कालवे खोदले. चढउतारावर बोट वरखाली नेणारी पाण्याची दारं, म्हणजे लॉक, त्याने सुमारे सात फूट रुंदीची बांधली आणि तेव्हापासून बोटींनी आपलं अंग त्या मापात बसवलं. त्या बोटी घोडा ओढायचा. कोळसा, माती, धान्य भरलेली बोट आणि मागच्या जेमतेम दहा फुटी खोलीत नवरा, बायको, पोरं असं अख्खं बिऱ्हाड. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले आणि १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, तेव्हा त्या मालवाहतुकीचं कंबरडंच मोडलं. आज त्या पाण्यावर हौशी लोक सुट्टीला फिरतात आणि हजारो लोक कायमचे राहतात. माझी लेक आणि जावई त्यांतले.

ती तिथल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे, तो संगणकावरचं काम बोटीतूनच करतो. घराचं भाडं दोघांच्या पगाराचा मोठा घास घेई, म्हणून त्यांनी साठवलेल्या पैशात ही जुनी बोट घेतली. कायमचा धक्का भाड्याने घेतलेला नाही, त्यामुळे नियम असा, की एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. १९९५च्या कायद्यातलं हे कलम आहे. म्हणून दर पंधरवड्याला बिऱ्हाड पाठीवर घेऊन थोडं पुढे सरकायचं. मी आलो तेव्हा बोट नॉर्दम्पटनशायरमधल्या ब्रॉन्स्टन गावाजवळ होती. तिथे ऑक्सफर्ड कालवा आणि लंडनहून बर्मिंगहॅमला जाणारा ग्रँड युनियन कालवा एकमेकांना भेटतात. टेकडीवर चर्चचं उंच टोक, खाली पाणी, काठाने घोड्यांच्या काळातली पायवाट. चित्रातल्यासारखी जागा. मी पहिल्या दिवशी ‘छान आहे’ असं म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून खोड्या काढायला लागलो.

सर्वांत मोठी खोडी विजेची. माझी जन्मभराची मिजास अकरा हजार व्होल्टांची. आमच्या लेखी २३० व्होल्ट म्हणजे घरगुती मामला. इथे सगळा कारभार १२ व्होल्टांवर! दिवे, पंप, फ्रीज, हीटर, सगळं मोटारीत असते तशा बॅटऱ्यांवर. लॅपटॉपसाठी १२चे २३० करणारा इन्व्हर्टर. मी पहिल्याच संध्याकाळी चटणीसाठी मिक्सर मागितला, तेव्हा लेकीने माझ्यापुढे खलबत्ता ठेवला. “मिक्सर आहे, पण ७५० वॉटचा आहे. तुम्हीच भागाकार करा.” मी केला. ७५०ला १२ने भागलं की साडेबासष्ट अँपिअर, इन्व्हर्टरची घट धरून सत्तरच्या घरात. घरी हाच मिक्सर तीन-सव्वातीन अँपिअरवर फिरतो. मी मुकाट्याने शेंगदाणे कुटले.

तर त्या रात्री. सरळ उपाय म्हणजे इंजिन चालू करायचं. त्याच्यावरचा आल्टरनेटर बॅटऱ्या भरतो आणि इंजिनाची स्वतःची बॅटरी वेगळी असल्याने ते सुरूही झालं असतं. पण काठाला बांधलेल्या बोटीने रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचं नाही, असा परवान्याचा नियम आहे. पुढेमागे शेजारी झोपलेले असतात. बर्फातून बोट काढून विजेचं कनेक्शन मिळेल अशा धक्क्यापर्यंत जावं, तर गोठलेलं पाणी कापत जाताना बोटीच्या पोटाचा डांबरी रंग खरवडून निघतो आणि सरकणारी लादी शेजाऱ्यांच्या बोटींवर आदळते. कुणी शहाणा माणूस तसं करत नाही. जावई कामासाठी एडिंबरोला गेलेला. त्यात त्या आठवड्यात रेल्वेचा संप. तेव्हा लेकीने जे करायचं ते केलं. इन्व्हर्टर बंद, फ्रीज बंद, आतलं दूध बाहेरच्या डेकवर (देवाने दिलेला फ्रीज चालूच होता), शेगडीत कोळसा, आणि तिघांच्या गाद्या शेगडीपाशी. बोटीच्या तळात साचणारं पाणी उपसणारा पंप मात्र तिने चालू ठेवला. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून थेंब थेंब पाणी आत येतच असतं. तो पंपही याच बॅटऱ्यांवर चालतो, हे कळल्यावर माझं ‘बरं वाटणं’ जरा ओसरलं.

मेणबत्तीच्या उजेडात मी विषय काढला. ही तिसरी वेळ होती. दोन हिवाळ्यांत बॅटऱ्यांचे दोन संच निकामी झाले होते. प्रत्येक वेळी दुरुस्तीवाल्याने येऊन ‘बॅटऱ्या गेल्या’ असं सांगितलं होतं आणि नव्या विकल्या होत्या. म्हटलं, “विकून टाका आता. पोर लहान आहे. किती दिवस हा खेळ?”

ती नातवाच्या अंगावर शाल ओढत म्हणाली, “बाबा, आपल्याकडे भारनियमन होतं, लोक रात्री दोनला उठून उसाला पाणी द्यायला जायचे. तुमच्या ऑफिसात येऊन ओरडायचे. तुम्ही त्यांना गाव विकायला सांगत होतात का?”

मी काही बोललो नाही. तिने आणखी एक वाक्य टाकलं, ते जास्त लागलं. “तुम्ही इथे आल्यापासून बोटीत काय वाईट आहे ते बघताय. कशाने बिघडलंय ते एकदाही बघितलं नाहीत.”

रात्रभर झोप लागली नाही. शेगडीने पाठ भाजत होती आणि पाय गार होते. मी तिच्या बोलण्याचा विचार करत होतो असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. मी आल्टरनेटरचा विचार करत होतो. दोन हिवाळ्यांत दोन संच? बॅटरी अशी आपसुक मरत नाही. तिला कुणीतरी मारतं, आणि बहुधा उपाशी ठेवून.

सकाळी खिशातला टेस्टर काढला. सवयीने. दिवाच लागेना. मग माझं मलाच हसू आलं. छत्तीस वर्षं शर्टाच्या खिशाला लावलेला तो निऑनचा टेस्टर, १२ व्होल्टांपुढे नुसता स्क्रू-ड्रायव्हर होता. लेक शेजारच्या बोटीतल्या म्हाताऱ्याकडून मीटर मागून घेऊन आली. मीटरमागोमाग तो म्हातारा स्वतःच आला, गुडघ्यापर्यंत बूट आणि हातात चहाचा मग घेऊन. तो तीस वर्षं पाण्यावर राहतोय. माझं इंग्रजी आणि त्याचा उच्चार यांचं फारसं जमलं नाही, पण मीटरची भाषा दोघांनाही येत होती.

इथे थोडा हिशेब सांगतो. गृहिणींना तो पटकन कळेल, कारण तो किराण्याच्या यादीसारखाच आहे. चार बॅटऱ्या, प्रत्येकी ११० अँपिअर-अवर, म्हणजे साठा ४४०. पण या जातीच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये, म्हणजे हाताशी २२०. आता रोजचा खर्च: फ्रीजचे तीसेक, लॅपटॉपचे तेवढेच, हीटरचे बारा-पंधरा, दिव्यांचे दहा, पंपाचे दोन. आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही जोडलं नाही, तरी तो दिवसाला वीस-पंचवीस खातो. घरात काही काम न करता दोन वेळ जेवणारा एखादा पाहुणा असतो ना, तसा. (मी स्वतःकडे बोट दाखवून हे म्हटलं, तर लेक बऱ्याच दिवसांनी हसली.) बेरीज शंभराच्या थोडी पुढे. म्हणजे भरलेला साठा दोन दिवस पुरायला हवा. इंजिन तर रोज तीन-चार तास चालत होतं. तरी साठा एका संध्याकाळीत संपत होता.

छपरावर सौर पट्ट्या होत्या, पण त्यांच्यावर चार बोटं बर्फ होतं, आणि नसतं तरी काय? त्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम चौदा अंश वर येतो आणि पावणेआठ तासांत मावळतो. आपल्याकडे सकाळी आठला असतो तसा तो तिथे दुपारी बाराला असतो. तेव्हा त्याची आशा सोडली.

आठ वाजले. इंजिन सुरू केलं. मागच्या डेकची फळी उचलली आणि हातातलं घड्याळ, बोटातली अंगठी काढून लेकीकडे दिली. १२ व्होल्टांचा झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पान्हा किंवा अंगठी आडवी पडली, तर शेकडो अँपिअर वाहतात आणि लोखंड लाल होतं. व्होल्ट लहान म्हणून आग लहान नसते.

मीटर प्रथम आल्टरनेटरवर लावला. १४.३. उत्तम! मागच्या दोन्ही वेळा दुरुस्तीवाल्याने इथवरच पाहिलं असणार आणि ‘आल्टरनेटर ठणठणीत, तेव्हा दोष बॅटरीचा’ असं म्हणून बिल फाडलं असणार. मग तोच मीटर मी बॅटऱ्यांवर लावला. १३.४.

एकाच वेळी, एकाच इंजिनावर, चार-पाच हातांच्या अंतरात ०.९ व्होल्ट गायब.

वाचकांना वाटेल, पाऊण-एक व्होल्टाचं काय एवढं? २३०मधून एक गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण १२मध्ये तोच सगळा जीव असतो. या बॅटऱ्यांना पोटभर जेवायला १४.४च्या आसपास लागतात. १३.४वर त्या जेवतात, पण अर्धपोटी उठतात. आणि गंमत अशी, की आल्टरनेटर स्वतःच्या टोकावरचा आकडा बघतो. त्याला तिथे चौदाच्या वर दिसतं, त्याला वाटतं पाहुण्यांचं झालं, आणि तो वाढणं आवरतं घेतो. रोज अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पत्र्यांवर गंधकाच्या क्षाराचा थर बसतो, दिवसेंदिवस घट्ट होतो, आणि वर्षभरात चारशेचाळीसची बॅटरी शंभरची होऊन बसते.

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ही तर आमच्या गावाकडच्या लाइनची गोष्ट! डीपीशेजारच्या घरात २३० आणि वाडीच्या टोकाच्या घरात १८०. तिथली माणसं तक्रार करतात, साहेब डीपीवर मोजून ‘बरोबर आहे’ असं लिहून जातात. माझे पहिले वरिष्ठ वायरमन मला सांगायचे, “साहेब, तक्रार जिथली आहे तिथं मोजा. आणि मग पावलापावलानं मागं चला.” तो माणूस चौथी शिकलेला. मी डिप्लोमावाला. त्यांचा हा मंत्र मी विसरलो नव्हतो, पण गेले पंधरा दिवस वापरलाही नव्हता.

तेव्हा पावलापावलाने मागे चाललो. मीटरचं एक टोक आल्टरनेटरच्या धन बाजूला, दुसरं बॅटरीच्या धन टोकाला. तारेत काही हरवत असेल तर ते थेट काचेत दिसतं. ०.२. ठीक. मग ऋण बाजू. एक टोक इंजिनाच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला. ०.७.

म्हातारा वाकून बघत होता. त्याने नुसती शीळ घातली.

धन तार सगळे जपतात. तिला फ्यूज, तिला तांबडा रंग, तिला स्विच. ऋण तार म्हणजे काय, काळी, कुठेतरी लोखंडाला बोल्टने आवळली की झालं. पण जितका करंट जातो तितकाच परत यावा लागतो. परतीची वाट अरुंद असेल तर जाणाराही अडतो. आमच्याकडे खांबावरचा न्यूट्रल सुटला की गावभर टीव्ही जळतात, आणि लोक फेज तपासत बसतात.

मी हातमोजा काढला आणि काळ्या तारेवरून बोटं फिरवत गेलो. बॅटरीपाशी गार. मधे गार. इंजिनाच्या बैठकीवर जिथे ती बोल्टने आवळली होती, तिथे हात लागला आणि मी झटकन मागे घेतला. त्या थंडीत, जिथे पाना उचलताना बोटांना चिकटत होता, तिथे तो सांधा चांगला तापला होता. हिशेब अगदी बरोबर होता: पन्नासेक अँपिअर आणि ०.७ व्होल्ट म्हणजे पस्तीस वॉट. डाख द्यायची छोटी सळई एवढ्यावरच तापते. दोन वर्षं रोज तीन-चार तास, डिझेल जाळून, ही पोरं एक बोल्ट गरम करत होती.

इंजिन बंद केलं, ऋण टोक आधी सोडवलं, मग बोल्ट काढला. तारेच्या टोकाचा लग कुणीतरी हातोडीने चेपून बसवला होता. त्याच्यात हिरवट बुरशीसारखा गंज. लगच्या खाली इंजिनाचा रंग तसाच, रंगावर तांबेरा. लोखंडाला लोखंड भेटलेलंच नव्हतं, फक्त बोल्टच्या आट्यांवरून जेमतेम संसार चालला होता. बोटीच्या तळात नेहमी दमटपणा, वर इंजिनाची थरथर, ते वाढतच जाणार.

त्यानंतरचं काम किरकोळ. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं. म्हाताऱ्याने आपल्या डबीतून जाड तांब्याचा लग दिला आणि तो चेपायचं खरं हत्यार आणलं. आवळून बसवलं, वर व्हॅसलिन फासलं. इंजिन पुन्हा सुरू. ऋण बाजूवर आता ०.१. लेकीने काचेतला आकडा मोठ्याने वाचला: १३.९. तासाभरात १४.१.

मी हात पुसून विजयी मुद्रेने वर आलो. गोष्ट इथे संपती तर छान झालं असतं. रात्री आठला इंजिन बंद केलं आणि अकराला पंप पुन्हा कण्हला.

खरं सांगायचं तर मी चिडलो. एक दोष सापडला की माणसाला वाटतं, सापडला. पण उपासमार दोन वर्षांची होती, एखादी तरी बॅटरी आतून गेलेली असणार, हे मला सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा दिवसभर चालवलं, मग चारही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवल्या आणि रात्रभर तशाच राहू दिल्या. चार्जिंगवरून उतरलेली बॅटरी लगेच मोजली तर खोटं बोलते. पाहुण्यांपुढे घर कसं चकाचक असतं, तसं. काही तास तिच्या वाटेला जायचं नाही. मग मोजायचं. १२.७ म्हणजे पोट भरलेलं, १२.२ म्हणजे अर्धं, ११.८ म्हणजे ताट पुसून ठेवलेलं.

पहाटे अंधारात मीटर लावला. नातू टॉर्च धरायला. त्याला हा खेळ फार आवडला होता; तो प्रत्येक आकडा घोकत होता. पहिली १२.५. दुसरी १२.५. तिसरी १०.५. चौथी १२.४.

बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे साधारण दोन पूर्णांक एक व्होल्ट. तिसरीचा एक कप्पा मेलेला होता. आणि चारही एकत्र जोडलेल्या असल्यामुळे उरलेल्या तिघी रात्रभर आपलं रक्त त्या एकीला पाजत होत्या. एकत्र कुटुंबात कुणीतरी सतत आजारी असावं आणि बाकीच्यांनी न बोलता झिजावं, तसं. चौथी बाजूला काढली. शिवाय मागच्या माणसाने दोन्ही मुख्य तारा पहिल्याच बॅटरीला लावल्या होत्या. त्याने पहिलीवर सगळा भार आणि शेवटची कोपऱ्यात उपाशी. एक तार पहिलीला आणि दुसरी शेवटच्या बॅटरीला अशी तिरकी जोडणी केली, की सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. याला पैसा लागत नाही, फक्त एक तार उचलून दुसरीकडे ठेवायची.

वर लिहिताना चूक झाली: चौथी नव्हे, तिसरी बाजूला काढली. नातू शेजारी असता तर त्याने लगेच टोकलं असतं.

२३० व्होल्टांच्या बाजूला मी हात लावला नाही. धक्क्यावरून वीज घेताना लोखंडी बोटीचं अर्थिंग हा निराळाच विषय आहे. त्यात शेजाऱ्याच्या बोटीशी अर्थच्या तारेतून नातं जुळलं, की पाण्याखालचा पत्रा खात जातो. त्यासाठी तिथला जाणकार बोलवा असं जावयाला बजावलं. जन्मभर विजेत काढलेल्या माणसाने निदान एवढं तरी शिकलेलं असावं.

तीन बॅटऱ्यांवर बोट तीन दिवस बर्फात उभी राहिली. रात्री हीटर पेटला. पंप आपल्या जुन्या आवाजात घर्र करायला लागला. चौथ्या दिवशी पाऊस आला, बर्फ मऊ पडलं आणि कडाकड तुटत वाहून गेलं. जावई आला, त्याला मी सांध्याचा जुना लग दाखवला. तो बराच वेळ हातात फिरवत राहिला. “बाबा, मी नवीन संच मागवणार होतो. पैसे भरायचे तेवढे बाकी होते.” पुढच्या रविवारी आम्ही बोट सोडली, सहा लॉक चढून बोगद्याच्या तोंडाशी आलो. ब्रॉन्स्टनचा हा बोगदा १७९६चा, दोन हजार बेचाळीस यार्डांचा. आत गुडुप अंधार, छतातून पाणी ठिबकतंय, आणि पुढे एकच दिवा, आमच्या बोटीचा. तो १२ व्होल्टांचा दिवा मी त्या पाऊण तासात किती वेळा पाहिला असेल!

घरी फोन रोज होतच होता. सौभाग्यवतींनी चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी विचारलं, “अहो, बोललात का त्यांच्याशी?”

“बोललो.”

“मग? काय ठरलं?”

“चौथी बॅटरी घ्यायची ठरलं.”

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तिने विचारलं, “पोराला थंडी वाजत नाही ना?” मी म्हटलं, नाही. तो स्वेटर काढून फेकतोय.

जानेवारीत मी परत आलो. निघताना म्हाताऱ्याला त्याचा मीटर द्यायला गेलो, तर त्याने तो परत माझ्या हातात ठेवला. आता तो माझ्या खिशात असतो. टेस्टर नातवाने ठेवून घेतला, त्याला तो तलवारीसारखा वापरता येतो. दर रविवारी सकाळी, इकडे आमचा दुपारचा चहा होत असताना, लेकीचा निरोप येतो. त्यात एकच आकडा असतो. तो मी दिनदर्शिकेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवतो. गेल्या रविवारी फोन हिनेच उचलला, चष्मा लावून वाचला आणि माझ्याआधी पेन घेऊन लिहिला: १२.६.